जुन्या बॅटरीतला कॅथोड आणि पेटंटची चढाओढ: काळी पूड आपली, कृती कोणाची?

१५ जुलै २०२५ रोजी चीनने निर्यातीवर बंधनं असलेल्या तंत्रज्ञानांची यादी बदलली. तिच्यात लिथियम बॅटरीचा कॅथोड बनवण्याच्या काही पद्धतींची भर पडली. तयार कॅथोड हवा तेवढा विकत घ्या, त्याला अडचण नाही. पण तो बनवायची पद्धत सरकारी परवान्याशिवाय देशाबाहेर न्यायची नाही, असा या बदलाचा अर्थ.

यातली गंमत अशी की कॅथोड कसा बनवायचा, यावर चिनी कंपन्यांनी स्वतःच हजारो पेटंट घेतलेली आहेत आणि पेटंट म्हणजे जाहीर कागद. इंटरनेटवर कोणीही उघडून वाचू शकतं. मग लपवायला उरतं काय? आणि आपल्या जुन्या मोबाइलच्या, स्कूटरच्या बॅटरीशी याचा संबंध काय? बॅटरी रिसायकलिंगच्या धंद्यातली खरी मारामारी इथेच चालली आहे, म्हणून जरा सविस्तर बघू.

सगळा जीव कॅथोडमध्ये का अडकलाय?

लिथियम-आयन सेलमध्ये दोन बाजू असतात. एका बाजूला बहुतेक वेळा ग्राफाइट असतं, ते तुलनेने स्वस्त. दुसऱ्या बाजूला कॅथोड, म्हणजे लिथियम आणि इतर धातूंचं संयुग. सेलमधला सर्वात महाग भाग हाच.

कॅथोडच्याही जाती आहेत. सोनीने १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिच्यात लिथियम कोबाल्ट ऑक्साइड होतं. मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये ते अजूनही दिसतं. त्याच्या वजनात सुमारे ६० टक्के कोबाल्ट असतो. म्हणून जुन्या मोबाइलच्या बॅटरीला भंगारातही भाव मिळतो. गाड्यांमध्ये एनएमसी येतं, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट. आणि तिसरी जात एलएफपी, म्हणजे लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट. टाटा नेक्सॉन ईव्हीत हीच आहे.

एलएफपी टिकाऊ आणि स्वस्त, पण रिसायकल करणाऱ्याची डोकेदुखी. १०० किलो एलएफपीमध्ये लिथियम जेमतेम साडेचार किलो. बाकी लोखंड, फॉस्फरस आणि ऑक्सिजन. कोबाल्ट नाही, निकेल नाही. मग सुटे धातू काढून विकायचे तर कमाई कशातून करायची?

काळ्या पुडीपासून पुढे तीन रस्ते

जुनी बॅटरी आली की आधी तिच्यातला उरलेला चार्ज काढतात, मग मशीनमध्ये तिचे तुकडे करतात. तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक वेगळं केल्यावर कॅथोड आणि ग्राफाइटची मिसळलेली काळी पूड उरते. धंद्यात तिला ब्लॅक मास म्हणतात. इथवरचं काम तसं सोपं. खरी विद्या यापुढे लागते.

पहिला रस्ता भट्टीचा. बेल्जियममधली उमिकोर कंपनी अँटवर्पजवळच्या होबोकेनमध्ये हे काम करते. प्रचंड तापमानाला सगळं वितळवायचं, खाली कोबाल्ट, निकेल, तांब्याचा मिश्रधातू मिळतो. या पद्धतीत लिथियम मळीत जातं आणि ते परत काढायला वेगळी खटपट करावी लागते.

दुसरा रस्ता आम्लाचा. काळी पूड सल्फ्युरिक आम्लात विरघळवायची, बहुधा जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं, मग एकेक धातू वेगळा करून त्याचे शुद्ध क्षार मिळवायचे. चीनमधले मोठे रिसायकलर याच वाटेने जातात. त्यातली ब्रनप ही सीएटीएल या जगातल्या सर्वात मोठ्या बॅटरी कंपनीची उपकंपनी. निकेल, कोबाल्ट, मँगनीज ९९.६ टक्के परत मिळवतो, असा तिचा दावा आहे.

तिसरा रस्ता सर्वात नवा. इथे कॅथोड विरघळवतच नाहीत. वापरून थकलेल्या कॅथोडचा सांगाडा बऱ्याच अंशी शाबूत असतो, त्यातलं थोडं लिथियम तेवढं कमी झालेलं असतं. मग सांगाडा मोडून परत बांधण्यापेक्षा कमी पडलेलं लिथियम आत भरायचं आणि योग्य तापमानाला भाजायचं. याला डायरेक्ट रिसायकलिंग म्हणतात. अमेरिकेत ओरेगनमधली ऑनटू टेक्नॉलॉजी ही छोटी कंपनी यावर कित्येक वर्षं काम करतेय आणि आपल्या पद्धतीला ‘कॅथोड हीलिंग’ म्हणते. २०१९ मध्ये अमेरिकी सरकारने आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रीसेल नावाचं केंद्रच यासाठी सुरू केलं. एलएफपीसाठी हा रस्ता विशेष महत्त्वाचा, कारण तिथे किंमत धातूंना कमी आणि जुळून आलेल्या रचनेला जास्त आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली एक वाटही आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर पॉलिटेक्निकचे प्राध्यापक यान वांग यांच्या संशोधनातून असेंड एलिमेंट्स ही कंपनी निघाली. त्यांची युक्ती अशी की विरघळवायचं, घाण काढायची, पण निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वेगळे करत बसायचं नाही. द्रावणातच त्यांचं प्रमाण हवं तसं जुळवायचं आणि तिथूनच नव्या कॅथोडचा कच्चा माल तयार करायचा. २०२१ मध्ये ‘जूल’ या शोधपत्रिकेत या गटाने दाखवलं की असा कॅथोड नव्याच्या तोडीस तोड, काही चाचण्यांत तर जास्त टिकतो. रिसायकल केलेला माल दुय्यम असतो, या समजाला यामुळे चांगलाच धक्का बसला.

पेटंट घेतात कशावर?

‘बॅटरी आम्लात विरघळवणे’ यावर आज कोणालाच पेटंट मिळणार नाही, ते जुनं झालं. पेटंट मिळतं ते बारकाव्यांवर. उदाहरणार्थ, सेलमधल्या द्रवातून आणि चिकटवणाऱ्या पॉलिमरमधून काळ्या पुडीत फ्लोरिन येतं, ते कसं काढायचं. ॲल्युमिनियमचे बारीक कण राहिले तर कॅथोड बिघडतो, ते कसे गाळायचे. बाकी धातूंना हात न लावता आधी फक्त लिथियम कसं बाहेर काढायचं. कुठल्या तापमानाला, किती तास, कुठल्या वायूत भाजायचं.

अजून एक भारी अडचण आहे. आज भंगारात येणारी गाडीची बॅटरी आठ-दहा वर्षांपूर्वीची असते आणि तिच्यातलं सूत्रही तेव्हाचं. पूर्वी एनएमसीमध्ये तिन्ही धातू सारख्या प्रमाणात असायचे, आता निकेलचं प्रमाण खूप वाढवलंय. जुना कॅथोड अगदी नव्यासारखा केला, तरी तो दहा वर्षं जुन्या फॅशनचाच राहणार. म्हणून जुन्या सूत्राचं नव्या सूत्रात रूपांतर करणाऱ्या पद्धतींवरही अर्ज होतात.

पेटंटमध्ये तापमान ‘७०० ते ९०० अंश’ असं लिहिलेलं असू शकतं. प्रत्यक्षात त्यातला कुठला आकडा, कुठल्या मालाला, कुठल्या भट्टीत चालतो, हे कारखान्यातल्या माणसालाच माहीत असतं. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. कृती छापलेली असते, हातखंडा छापलेला नसतो. चीनने अडवलाय तो हातखंडा.

कॅथोडची भांडणं नवी नाहीत

फेब्रुवारी २०१५ मध्ये जर्मनीची बीएएसएफ आणि आर्गोन प्रयोगशाळा चालवणारी संस्था यांनी उमिकोरला अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगासमोर खेचलं. वाद एनएमसीच्या पेटंटचा. प्रतिवाद्यांमध्ये ड्रिल मशीन वगैरे बनवणारी जपानची मकिताही होती. म्हणजे कॅथोड बनवणाऱ्याबरोबर तो असलेली वस्तू विकणाराही पिंजऱ्यात. डिसेंबर २०१६ मध्ये निकाल बीएएसएफच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. २०२१ मध्ये या दोन कंपन्यांनी एकमेकांना पेटंट वापरू देण्याचा करारच केला, त्यात १०० हून अधिक पेटंट-कुटुंबं होती. एकच शोध अनेक देशांत नोंदवला की त्या सगळ्या पेटंटना मिळून एक कुटुंब म्हणतात. थोडक्यात, दोन मोठे भांडले आणि मग त्यांनी कुंपणातलं दार आपापसात उघडलं. बाहेरचे बाहेरच.

एलएफपीची कथा तर याहून बोलकी आहे. हे संयुग जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने शोधलं. हे तेच गुडइनफ, ज्यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेटंटचे हक्क कॅनडाच्या हायड्रो-क्युबेककडे आणि तिच्या भागीदारांकडे गेले. पुढे अशी व्यवस्था झाली की चिनी उत्पादकांनी देशातल्या बाजारापुरता माल बनवला तर त्यांना रॉयल्टी द्यावी लागणार नाही. बाकी जगाला परवाना घ्यावा लागे. मुख्य पेटंट २०२२ च्या सुमारास संपली. तोवर एलएफपी म्हणजे चीन असं समीकरण झालं होतं. याचं श्रेय पूर्णपणे या सवलतीला देणं चूक ठरेल, सरकारी अनुदानं आणि प्रचंड देशी बाजारही होताच. पण तेवढी वर्षं सराव करायला मिळणं ही छोटी गोष्ट नव्हती.

चिनी पेटंट भारतात चालतं का?

सोशल मीडियावर ‘चीनकडे इतकी पेटंट, आपण संपलो’ छापाच्या पोस्ट फिरतात. त्यात एक मूलभूत गोष्ट राहून जाते. पेटंट हे देशापुरतं असतं. चीनमध्ये घेतलेलं पेटंट भारतात नोंदवलेलं नसेल, तर इथे ती पद्धत वापरायला कायद्याने अडथळा नाही. चिनी कंपन्यांची बरीच पेटंट फक्त चीनमध्येच नोंदवलेली असतात. म्हणजे आपल्या इंजिनिअरसाठी तो फुकटचा अभ्यासक्रम आहे. अर्थात ब्रनपसारखी कंपनी अमेरिका, ब्रिटन, जर्मनीतही अर्ज करते, त्यामुळे प्रत्येक पेटंटचं कुटुंब तपासावं लागतं.

पण खरी मेख निर्यातीत आहे. समजा, भारतात बिनपेटंट असलेल्या पद्धतीने कॅथोड बनवला आणि युरोपला पाठवला. तिथे त्या पद्धतीवर पेटंट असेल, तर त्या पद्धतीतून थेट तयार झालेला मालही पेटंटच्या कक्षेत येतो. अमेरिकेतही तसंच. भारताच्या पेटंट कायद्याचं कलम ४८ आयातीला हाच नियम लावतं. अमेरिकी कायद्यात एक पळवाट आहे. पुढच्या प्रक्रियेत मालाचं रूप मुळातून बदललं तर दावा टिकत नाही. साधा निकेलचा क्षार बनवला आणि दुसऱ्याने त्याचा कॅथोड केला, तर ‘रूप बदललं’ असं म्हणायला जागा राहते. तयार कॅथोडच विकला तर ती जागा आक्रसते. म्हणजे ज्या टप्प्यावर नफा जास्त, तिथेच पेटंटचा हातही जास्त लांब पोचतो.

दुसऱ्या बाजूने पेटंटवाल्याचंही सोपं नाही. कोणत्या पद्धतीने माल बनला, हे त्या मालाकडे बघून सहसा कळत नाही. सगळं घडतं कारखान्याच्या भिंतीआड. म्हणून आपल्या कायद्यात कलम १०४-अ आहे. काही अटी पूर्ण झाल्या तर ‘मी वेगळी पद्धत वापरली’ हे सिद्ध करायची जबाबदारी न्यायालय प्रतिवादीवर टाकू शकतं. तरीही अनेक कंपन्या विचार करतात की पेटंट घेऊन कृती जाहीर कशाला करा, गुपितच ठेवू.

भारत कुठे उभा आहे?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. त्यानुसार वापरलेली बॅटरी गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. आणि २०२७-२८ पासून ईव्हीच्या नव्या बॅटरीत किमान ५ टक्के रिसायकल केलेला माल हवा, २०३०-३१ पर्यंत २० टक्के. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटरीच्या भंगारावरची मूळ सीमाशुल्क आकारणी काढून टाकली. सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली.

तंत्रही आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-मेट या सरकारी संस्थेच्या हैदराबाद केंद्राने बॅटरी रिसायकलिंगची पद्धत विकसित केली आणि जून २०२३ मध्ये ती नऊ कंपन्यांना देण्यात आली. ९५ टक्क्यांहून जास्त लिथियम, कोबाल्ट, मँगनीज, निकेल परत मिळतं आणि शुद्धता सुमारे ९८ टक्के, असं सरकारने सांगितलं. खासगी क्षेत्रात अटेरोकडे तिच्या म्हणण्यानुसार ४० हून अधिक पेटंट आहेत.

फक्त सी-मेटच्या पद्धतीतून बाहेर काय पडतं ते नीट बघा: ऑक्साइड आणि कार्बोनेट. कॅथोड नाही. हे क्षार कॅथोड बनवणाऱ्याला विकावे लागतात, आणि बॅटरीच्या दर्जाचा कॅथोड मोठ्या प्रमाणावर बनवणारे कारखाने भारतात अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्षार स्वस्तात बाहेर जातात आणि कॅथोड महागात आत येतो.

त्यात भावांची लहर. चीनमध्ये २०२२ च्या अखेरीस लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास होतं, २०२४ च्या सुरुवातीला ते एक लाखाच्या खाली आलं. फक्त धातूच्या भावावर उभे असलेले अनेक जण यात हेलपाटले. कॅनडाची ली-सायकल मे २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ऑगस्टमध्ये ग्लेनकोर या खाण आणि व्यापार कंपनीने तिचे प्रकल्प घेतले, सोबत तिची बौद्धिक संपदाही. कंपनी बुडाली तरी पेटंट अर्ज केल्यापासून २० वर्षं चालू राहू शकतं, फक्त मालक बदलतो.

भारतात कोणी काय नोंदवलंय, हे पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या मोफत संकेतस्थळावर शोधता येतं. मंजुरीच्या आधी कोणत्याही अर्जाला कोणीही हरकत घेऊ शकतं, त्यासाठी त्या धंद्यात असण्याची अट नाही. पण अर्ज सर्वसाधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे २०२७-२८ ची ५ टक्क्यांची अट पाळायला आज जो कारखान्याची आखणी करतोय, त्याला गेल्या दीड वर्षात प्रतिस्पर्ध्यांनी काय दाखल केलंय ते अजून दिसत नाही.