प्रथिनांच्या घरातील शेजार

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे निघालेला प्रवासी कणकुंबीस पोचला म्हणजे सह्याद्रीचा माथा त्याने गाठलेला असतो. मलप्रभा नदी उगम पावते ती याच गावी. येथून पुढे रस्ता चोर्ला घाटात शिरतो आणि वळणे घेत घेत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात उतरतो. अशा घाटातील एखाद्या वळणावर क्षणभर थांबून खाली पाहिले, तर एक गंमत दिसते. काही वेळापूर्वी पुढे निघून गेलेली मोटार रस्त्याने मोजल्यास बरीच दूर गेलेली असते. परंतु ती आता नेमकी पायांखालच्या वळणावर आलेली असते, आणि वरून मारलेली हाक तिच्यातील माणसास ऐकू जावी इतकी जवळ असते. वाटेचे अंतर निराळे आणि प्रत्यक्ष अंतर निराळे. प्रथिनांच्या रचनेचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दोन अंतरांचा संबंध शोधून काढण्याचा इतिहास आहे. आणि त्याचा एक धागा पुण्यावरून फिरून पुन्हा याच घाटाखालच्या रानात येऊन पोचतो.

प्रथिन म्हटले की डाळ, दूध, अंडी हे पदार्थ डोळ्यांपुढे येतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र प्रथिन ही एक माळ होय. अमिनो आम्ले नावाचे वीस प्रकारचे मणी निरनिराळ्या क्रमाने ओवून ती सिद्ध होते. केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिन या प्रथिनातील ५१ मण्यांचा क्रम लावून दाखविला. ते काम १९५५ साली पुरे झाले आणि १९५८ साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण क्रम समजला म्हणून प्रथिन समजले असे नव्हे. अंडे उकडले असता त्यातील पातळ पांढरा भाग घट्ट होतो. तेथे एकही मणी बदललेला नसतो, क्रमही तोच असतो; मोडलेली असते ती माळेची घडी. शरीरातील काम करते ती घडीच.

आपल्या आतड्यात अन्नातील प्रथिने तोडणारे कायमोट्रिप्सिन नावाचे एक पाचक प्रथिन आहे. त्याची मूळ साखळी २४५ मण्यांची. तोडण्याचे काम करणारे त्यातील तीन प्रमुख मणी म्हणजे ५७ व्या क्रमांकाचे हिस्टिडीन, १०२ व्या क्रमांकाचे अॅस्पार्टिक आम्ल आणि १९५ व्या क्रमांकाचे सेरीन. माळेत हे तिघे किती लांब लांब! परंतु डेव्हिड ब्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ ते १९६९ या काळात क्ष-किरणांच्या साहाय्याने या प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा हे तिघे एकमेकांस खेटून बसलेले आढळले. घाटातील तीन वळणे एकाखाली एक यावीत, तसे. दूरच्या मण्यांचा हा शेजार नसता तर जेवण अंगी लागणे कठीण झाले असते.

शेजाराचे नियम कोणते, दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीचा शोध मद्रासमध्ये झाला, आणि तोही एका टीकेतून. गोपालसमुद्रम् नारायण रामचंद्रन हे १९५२ साली मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. त्याच वर्षी इंग्लंडचे शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले आणि कोलॅजेनची रचना अद्याप कोणास सुटलेली नाही, असे बोलण्याच्या ओघात सांगून गेले. कोलॅजेन हे कातडी, हाडे व स्नायुबंध यांतील प्रमुख प्रथिन. मद्रासला चामड्याच्या संशोधनाची मोठी संस्था होती, तेव्हा विषय अगदी दारातला होता. कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाची क्ष-किरण छायाचित्रे घेऊन रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपली रचना मांडली. तीन साखळ्या शेजारी शेजारी, आणि पुढल्या वर्षीच्या सुधारणेत त्या दोरीच्या पदरांप्रमाणे एकमेकींभोवती पिळलेल्या.

यावर केंब्रिजहून फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला. रचनेचा गाभा त्यांना मान्य होता, पण काही अणू परस्परांच्या फार जवळ आले आहेत, एवढी जवळीक निसर्गात चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. दुसरा एखादा असता तर वाद घालीत बसला असता. रामचंद्रन यांनी वेगळाच मार्ग धरला. चालत नाही म्हणजे किती अंतराला चालत नाही? हे कोणी मोजले आहे काय? त्यांनी तोवर ज्ञात असलेल्या स्फटिकरचना चाळून, परस्परांशी रासायनिक बंधाने न जोडलेले अणू प्रत्यक्षात किती जवळ आलेले आढळतात याची नोंद केली. एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक आंगस्ट्रॉम. दोन हायड्रोजन अणूंसाठी मर्यादा ठरली ती अशा सुमारे २ आंगस्ट्रॉमची. प्रत्येक जोडीसाठी दोन आकडे दिले गेले: एक नेहमीचा, दुसरा अगदी ओढाताणीच्या प्रसंगीचा. मग सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह त्यांनी साखळीतील प्रत्येक दुव्याचे दोन कोन थोडे थोडे फिरवून कोणत्या स्थितीत अणूंची टक्कर होते ते साध्या गणकयंत्रावर हिशेब करून ठरविले. १९६३ साली प्रसिद्ध झालेला तो नकाशा आज ‘रामचंद्रन आलेख’ म्हणून जगभर ओळखला जातो. बहुतेक सारा कागद निषिद्ध, आणि थोडेसेच प्रदेश मोकळे! नवी रचना कोठेही सिद्ध झाली तरी ती आजही या आलेखावर ताडून पाहतात. कोलॅजेनच्या तपशिलात क्रिक व रिच यांचे काही म्हणणे टिकले हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि आक्षेपाला दिलेले उत्तर मूळ वादापेक्षा कितीतरी मोठे ठरले.

कोलॅजेनमध्ये शेजाराचा प्रश्न जीवनमरणाचाही होऊ शकतो. तिन्ही पदर जेथे एकत्र येतात तेथे इतकी अडचण असते की सर्वांत लहान अमिनो आम्ल ग्लायसीन तेवढे मावते; म्हणून दर तिसऱ्या जागी तेच असते. त्यातील एकाच्या जागी दुसरे मोठे आम्ल आले, तर जन्मतःच हाडे ठिसूळ असण्याचा विकार उद्भवतो. अशी मुले साध्या उचलण्यानेही जायबंदी होतात.

पुढे क्ष-किरणांनी सुटलेल्या रचना वाढत गेल्या. १९७१ साली अमेरिकेत ब्रुकहेव्हन येथे त्यांची पेढी निघाली, तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. त्या वाचण्याची एक सुटसुटीत युक्ती याच सुमारास रूढ झाली. चौकटीचा कागद घेऊन आडवे आणि उभे दोन्हीकडे मण्यांचे क्रमांक लिहावेत, आणि ज्या दोन मण्यांतील अंतर ठराविक मर्यादेच्या, म्हणजे बहुधा ८ आंगस्ट्रॉमच्या आत असेल त्यांच्या चौकटीत ठिपका द्यावा. माळेतील सख्खे शेजारी कर्णरेषेलगत उमटतात. त्यांत नवल नाही. कर्णापासून दूर पडलेले ठिपके पाहावेत. घडी कोठे पडली हे तेच सांगतात. १९८५ मध्ये मियाझावा आणि जर्निगन यांनी अनेक प्रथिनांतील अशा जोड्या मोजून कोणत्या मण्यास कोणाचा सहवास मानवतो याचे कोष्टकच तयार केले. लग्नाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसला यावरून घरातले रुसवेफुगवे चाणाक्ष पाहुण्याला कळतात, त्यातलाच हा प्रकार. पाण्याला बुजणारे तेलकट मणी आत एकमेकांना धरून बसतात, विद्युत्भारित मणी बहुधा बाहेर पाण्यात रमतात.

आता पुण्याकडे वळले पाहिजे. १९५२ साली तेथे विषाणु संशोधन केंद्र स्थापन झाले. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गोचिडांवाटे पसरणारा एक नवा विषाणू वेगळा केला. लोक त्या रोगास माकडताप म्हणतात. डासांवाटे मुलांच्या मेंदूस ग्रासणारा जपानी मेंदूज्वराचा विषाणू त्याच कुळातला.

या विषाणूंच्या वेष्टनावर एक लांब प्रथिन असते, आणि रोगप्रतिकारक द्रव्ये, म्हणजे प्रतिपिंडे, पुष्कळदा त्यावरच बसतात. ती कोठे बसतात, हा लशीच्या दृष्टीने कळीचा प्रश्न. माळेचा एखादा सलग तुकडा ओळखून ती बसत असती तर तेवढा तुकडा बनवून लस करता आली असती. पण पुष्कळ प्रतिपिंडे ओळखतात ते माळेतील दूरदूरचे मणी घडीमुळे एकत्र येऊन झालेले ठिगळ. पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. तेथील डॉ. अशोक कोळस्कर यांचे नाव १९७३ सालच्या एका निबंधात रामचंद्रन यांच्यासह आढळते. मद्रासचा वारसा असा पुण्यास आला. त्यांनी आणि डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी १९९९ साली जपानी मेंदूज्वराच्या वेष्टन-प्रथिनाची अंदाजित रचना मांडून त्यावरील अशी ठिगळे दाखविली. आधार घेतला तो युरोपातील गोचिडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा, ज्याची रचना १९९५ साली सुटली होती. माकडतापाचा विषाणू तर त्याचा अधिकच जवळचा नातलग. २००५ मध्ये पुण्याच्या या मंडळींनी अवकाशातील शेजारावरून ठिगळे हुडकणारी संगणक-पद्धती सर्वांना खुली केली. त्या काळी अशा पद्धती जगात मोजक्याच होत्या.

क्रमावरून थेट घडी सांगण्याची किमया त्यानंतरची. एकाच प्रथिनाची निरनिराळ्या प्राण्यांतील रूपे ताडून पाहिली तर एका जागेचा मणी बदलताच दुसऱ्या एका जागेचाही बदलतो असे दिसते. ते दोघे शेजारी असावेत हा तर्क १९९४ च्या सुमारास मांडला गेला. अडचण एवढीच की अ चा शेजारी ब आणि ब चा शेजारी क असला, म्हणजे अ आणि क यांचेही नाते असल्यासारखे भासते. हा गुंता गणिताने सुटायला २०११ उजाडले. २०२० मध्ये ‘आल्फाफोल्ड’ या संगणकीय पद्धतीने घडीचे अंदाज आश्चर्यकारक अचूकतेने वर्तविले आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेमिस हसाबिस, जॉन जंपर व डेव्हिड बेकर यांना मिळाले. यंत्राचे कौतुक जरूर करावे. पण ते शिकले ते त्या सात रचनांपासून दोन लाखांवर गेलेल्या पेढीतील मोजमापांवर, आणि ती मोजमापे माणसांनी एकेक स्फटिक वाढवून केली होती.

माकडताप मात्र शिमोग्यात थांबला नाही. २०१५ मध्ये तो चोर्ला घाटाखालच्या सत्तरीत आढळला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात. काजूच्या बागांत राबणारी माणसे त्यास विशेष बळी पडली. निष्क्रिय केलेल्या अख्ख्या विषाणूपासून बनविलेली जुनी लस पुरेशी गुणकारी राहिली नाही म्हणून कर्नाटकात २०२२ च्या सुमारास तिचा वापर थांबविण्यात आला, आणि नव्या लशीचे काम हाती घेण्यात आले. तोवर काजूच्या हंगामात रानात शिरण्यापूर्वी हातापायांस गोचीड दूर ठेवणारे तेल चोळावे, आणि मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे, असे तेथील लोकांना सांगितले जाते.