अमळनेर ते सर्जापूर रोड

बंगळूरला बदली होऊन येणाऱ्या मराठी माणसाच्या कानी सर्जापूर रोडचे नाव पडते ते बहुधा वाहनांच्या गर्दीमुळे. परंतु याच रस्त्यावर दोड्डकन्नेळ्ळी येथे ज्या विप्रो कंपनीचे मुख्य कार्यालय आहे, तिचे मूळ खानदेशात आहे, याची आठवण आपणांपैकी थोड्यांनाच असते. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेर येथे ती स्थापिली, तेव्हा तिचे नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स असे होते व धंदा वनस्पती तुपाचा होता. तूप करणारी ही कंपनी संगणकाकडे का वळली आणि पुढे तिने संगणक बनविणे का सोडले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत आपल्या संगणक-बाजाराचा बराचसा इतिहास आला आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत सापडते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परदेशी कंपन्यांना येथील भांडवलातील आपला वाटा सामान्यतः ४० टक्क्यांवर आणणे भाग होते. आय.बी.एम.ला ते मान्य झाले नाही व १९७८ साली तिने येथील कारभार आटोपला. तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी सी.एम.सी.कडे आली. आयातीवर जबर जकात होतीच. अशा रीतीने मोकळ्या झालेल्या बाजारात डी.सी.एम., एच.सी.एल. आदी देशी कंपन्या उतरल्या. १९६६ पासून विप्रोची धुरा वाहणारे अझीम प्रेमजी यांनीही ही संधी साधली. १९८१ च्या सुमारास विप्रोचा लघुसंगणक बाजारात आला. १९८४ च्या नव्या संगणक-धोरणाने सुट्या भागांची आयात सुलभ केली आणि बँका, विमा व सरकारी कचेऱ्या यांत संगणकाचा प्रवेश झाला. आपली नोकरी जाईल, या भयाने कर्मचारी संघटनांनी त्यास केलेला विरोध आम्हां कारकुनी पेशातील मंडळींस तरी विसरता येण्याजोगा नाही.

संगणकामागोमाग प्रिंटर आला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सुया रिबनवर आघात करतात. त्यामुळे कार्बन घातलेल्या चलनाच्या तीन-चार प्रती एकाच वेळी निघतात. शाईचे व लेसरचे प्रिंटर आल्यावरही कचेऱ्यांतून व मालवाहतुकीच्या पेढ्यांतून त्याची करकर थांबली नाही, ती यामुळेच. विप्रोनेही असे प्रिंटर काढले. पुढे २००० साली तो विभाग वेगळा होऊन त्याची स्वतंत्र कंपनी झाली.

तथापि या सर्व उद्योगात एक उणीव होती. विप्रोच्या लघुसंगणकाचा प्रोसेसर इंटेलचा होता, प्रिंटरचे तंत्र एप्सनचे होते. आणि इतरांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. चिप्सचा पाया घालण्याचा सरकारी प्रयत्न मोहालीस झाला, परंतु १९८९ साली तो कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. पुढे भारताने १९९७ साली माहिती-तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला व २००५ पर्यंत त्यातील वस्तूंवरची जकात शून्यावर आणली. तयार यंत्र करमुक्त आणि ते जोडण्यास लागणाऱ्या काही वस्तूंवर मात्र कर, अशी विपरीत अवस्था झाल्याची कारखानदारांची तक्रार होती. चीनमधून येणाऱ्या स्वस्त मालापुढे केवळ जोडणीवर चालणारा धंदा टिकणे कठीणच होते. २०१३ साली विप्रोने स्वतःच्या नावाचे संगणक बनविणे थांबविले. सर्जापूर रोडवर उरला तो सॉफ्टवेअरचा व सेवेचा व्यवसाय.

२०२३ साली केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीवर नियंत्रण आणले आणि देशी उत्पादनास उत्तेजन म्हणून १७,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हेतू स्तुत्यच आहे. परंतु जकातीच्या आडोशास एक पिढीभर उद्योग चालवूनही त्याचा गाभा आपण घडविला नाही, म्हणून आडोसा जाताच तो कोसळला, हा अनुभव फार जुना नाही. या खेपेस अनुदानाचा हिशेब मांडताना किती यंत्रे जोडली एवढेच न पाहता, त्यांतील कोणते भाग येथे घडले, हा रकानाही कागदावर असावा, एवढेच आमचे मागणे आहे.