चाळणीची खापरे आणि दुधाचे पचन

लॅक्टोज ही दुधातील साखर. ती रक्तात शोषली जाण्यासाठी आधी ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये तुटावी लागते. हे काम लहान आतड्याच्या अस्तरातले लॅक्टेज हे विकर करते. सस्तन प्राण्यांची पिले अंगावरचे दूध सोडू लागली की हे विकर घटत जाते, आणि माणसाचेही मुळात तसेच आहे. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये ते पुरेसे उरत नाही. मग न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जिवाणू ते आंबवतात, पोटात गुबारा धरतो, जुलाब होतात. याला रोग म्हणणे अन्यायाचे आहे. उत्क्रांतीच्या हिशेबात नवलाचे आहे ते मोठेपणी दूध पचणे.

तरीही दूध न पचणाऱ्या माणसांनी गाईंच्या धारा काढल्या, त्या कशासाठी? पोलंडमधील कुयाविया भागात सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांमधून भोके पाडलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे निघत. या चीज गाळण्याच्या चाळण्या असाव्यात, असा तर्क पुरातत्त्वज्ञ पीटर बोगुकी यांनी १९८०च्या दशकात मांडला होता. २०१२ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातील मेलनी साल्क, रिचर्ड एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी खापरांत मुरलेली चरबी तपासली. ती दुधाचीच निघाली. साकळलेले दूध गाळले की बरेचसे लॅक्टोज निवळीबरोबर निघून जाते. मागे उरलेले लॅक्टोज जिवाणू संपवतात. जे आतड्याला जमत नव्हते, ते कुंभाराच्या भांड्याने साधले.

त्या काळच्या युरोपीय शेतकऱ्यांच्या हाडांतील डीएनएमध्ये दूध पचवणारा बदल जवळजवळ सापडत नाही. हा बदल २००२ मध्ये फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून हाती लागला. तो लॅक्टेजच्या जनुकात नसून शेजारच्या एमसीएम६ या जनुकात आहे: डीएनएच्या एका अक्षराचा, ‘सी’च्या जागी ‘टी’, एवढाच फरक, पण त्यामुळे लॅक्टेजचे जनुक मोठेपणीही चालू राहते. उत्तर जर्मनीतील टोलेन्झे नदीकाठी इ.स.पू. १२००च्या सुमारास झालेल्या लढाईत पडलेल्यांमध्येही तो थोड्यांतच आढळला. दुभत्या गुरांना तोवर युरोपात काही हजार वर्षे लोटली होती.

नंतर तो इतका फोफावला कसा? २०२२ मध्ये एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी मांडलेले स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. धडधाकट माणसाला दुधाने लागलेले जुलाब सोसतात. दुष्काळात उपाशी किंवा साथीत खंगलेल्याला तेच जिवावर बेततात. अशा वेळी ज्यांना दूध पचले, ते तगले.

पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातील पशुपालकांत हीच क्षमता निराळ्या बदलांतून, स्वतंत्रपणे आली. भारतात बहुतांशी युरोपातलाच ‘टी’ दिसतो आणि वायव्येकडून आग्नेयेकडे त्याचे प्रमाण उतरत जाते. मंगोलियात मात्र दुधावर जगणाऱ्या पशुपालकांपैकी फारच थोड्यांकडे असा बदल आहे. तेथे घोडीचे दूध कातडी पिशवीत घुसळून, आंबवून त्याचे ‘आयराग’ करतात आणि लॅक्टोजचा बराचसा भाग पिण्याआधीच जिवाणूंच्या वाट्याला जातो.