आजोबांच्या धर्माचा दाखला

जर्मनीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट हिटलरवर येते. एक माथेफिरू आला, त्याने एका सुशिक्षित देशाला भुरळ घातली आणि सर्वनाश केला, असे आपण शाळेत शिकलो आणि पुढे मुलांनाही शिकवले. ही तवारीख सोपी आहे, म्हणून पाठ होते. पण १९३३ साली हिटलर चॅन्सलर झाला तेव्हा 'राष्ट्राचे शत्रू' हा शब्द जर्मन राजकारणात साठ वर्षे मुरलेला होता. तो रुळवला बिस्मार्कने, आणि बिस्मार्क आपल्या पाठ्यपुस्तकांत राष्ट्रनिर्माता म्हणून येतो.

१८६४ साली डेन्मार्क, १८६६ साली ऑस्ट्रिया आणि १८७० साली फ्रान्स, अशा तीन युद्धांतून हे राष्ट्र उभे राहिले. १८ जानेवारी १८७१ रोजी त्याची घोषणा झाली तीही पराभूत फ्रान्सच्या व्हर्सायमधील आरसेमहालात. पंचवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्या काळी इंग्लंडातही एवढा व्यापक मताधिकार नव्हता. मात्र चॅन्सलर नेमणार सम्राट, आणि तो जबाबदार राहणार सम्राटालाच. लोकांनी मत द्यावे, पण राज्य दुसऱ्याने चालवावे, अशी ती सोय होती.

अशा राज्यात संसदेतले बहुमत जमवायचे कसे? बिस्मार्कला एक युक्ती सापडली. कुणाला तरी राष्ट्राचा शत्रू ठरवायचे, म्हणजे उरलेले आपोआप एका बाजूला येतात. पहिली पाळी कॅथलिकांची आली. ते लोकसंख्येच्या एक तृतीयांश होते, तरी त्यांची निष्ठा रोमच्या पोपकडे आहे, असा आक्षेप होता. (देशात राहायचे आणि डोळे परदेशातल्या धर्मस्थळाकडे लावायचे, हा आरोप आमच्या वाचकांना नवा वाटणार नाही.) १८७२ साली जेझुइट संघावर बंदी आली. १८७३ साली पाद्र्यांचे शिक्षण आणि नेमणुका सरकारी देखरेखीखाली गेल्या. अनेक बिशप तुरुंगात गेले, अनेक परागंदा झाले. या मोहिमेला नाव होते 'संस्कृतिसंघर्ष' आणि तिचे कैवारी होते उदारमतवादी, शिकलेले, पुढारलेले लोक. मागासलेल्या धर्माला सुधारण्याचे काम आपण करतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. परिणाम उलटा झाला. १८७४ च्या निवडणुकीत कॅथलिकांच्या सेंटर पक्षाच्या जागा जवळजवळ दीडपट झाल्या.

मग १८७८ साली समाजवाद्यांवर कायदा आला. सम्राटावर दोन हल्ले झाले होते. त्यांत पक्षाचा हात असल्याचे काही सिद्ध झाले नव्हते, पण निमित्त पुरे होते. सभा, वृत्तपत्रे, संघटना, सारे बंद. बारा वर्षांनी तो कायदा संपला तेव्हा समाजवाद्यांना देशात सर्वांत जास्त मते पडत होती. १८८५-८६ मध्ये प्रशियाने नागरिकत्वाचे कागद नसलेल्या तीस हजारांहून अधिक पोलिश लोकांना सीमेपार घालवले. त्यांत पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेली कुटुंबे होती. त्यांत ज्यूही होते.

ज्यूंना समान नागरिकत्व मिळाले ते १८६९ च्या कायद्याने, आणि १८७१ नंतर ते साऱ्या साम्राज्यात लागू झाले. ते जेमतेम शेकडा एक होते. पण १८७९ साली हाइनरिक फॉन ट्राइट्शके या बर्लिन विद्यापीठातल्या नामांकित इतिहासकाराने त्यांना राष्ट्राचे दुर्दैव ठरवणारा लेख लिहिला. दुसरा थोर इतिहासकार थिओडोर मॉम्सेन याने त्याला उत्तर दिले. उत्तर चांगले होते. तरीही ज्याची दखल विद्यापीठाबाहेर घेतली जाऊ नये असा विचार प्राध्यापकाच्या लेखणीतून उतरला, की तो सभ्य होतो. पुढे नाझी पत्रांनी ट्राइट्शकेचे तेच वाक्य आपले घोषवाक्य केले. गल्लीतला गुंड सगळ्यांना दिसतो, ट्राइट्शकेसारखा माणूस ग्रंथालयात मानाने बसलेला असतो.

पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीसाठी लढले, बारा हजार मेले. तरी १९१६ साली लष्कराने ज्यू सैनिकांची वेगळी शिरगणती केली, कारण ते आघाडी टाळतात अशी कुजबूज होती. गणतीचे आकडे युद्ध संपेपर्यंत लोकांपुढे आलेच नाहीत, त्यामुळे कुजबूज तशीच राहिली. पराभवानंतर तिचीच 'पाठीत खंजीर' ही दंतकथा झाली.

वायमार प्रजासत्ताक, महागाई, मंदी हे सारे वाचकांना माहीत आहे. एवढेच सांगतो की १९२८ साली नाझींना तीन टक्केही मते नव्हती, जुलै १९३२ मध्ये सदतीस टक्के झाली, आणि नोव्हेंबरमध्ये तेहतिसावर उतरली. पूर्ण बहुमत त्यांना मोकळ्या निवडणुकीत कधीच मिळाले नाही. ३० जानेवारी १९३३ च्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच होते. बाकीचे जुने, खानदानी सद्गृहस्थ. हिटलरला आपण कह्यात ठेवू, असे त्यांना वाटत होते.

२७ फेब्रुवारीला संसदभवन जळले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या वटहुकुमाने नागरी हक्क स्थगित झाले. तो वटहुकूम राज्यघटनेच्या ४८ व्या कलमानुसार होता, म्हणजे कायदेशीर. २३ मार्चला सरकारला संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार देणारे विधेयक आले. त्याला दोन तृतीयांश मते हवी होती. कम्युनिस्ट सभासद तुरुंगात किंवा फरारी होते, सभागृहात गणवेशातले नाझी उभे होते. समाजवाद्यांच्या चौऱ्याण्णव सभासदांनी विरोधात मत दिले. बाजूने पडली चारशे चव्वेचाळीस. त्यांत सेंटर पक्षाची सर्व मते होती.

मला या साऱ्या इतिहासात इथेच थांबावेसे वाटते. ज्यांचे बिशप बिस्मार्कने तुरुंगात टाकले होते, त्याच कौमचा हा पक्ष. 'राष्ट्रशत्रू' म्हणवून घेणे म्हणजे काय, हे ज्यांच्या वाडवडिलांनी भोगले होते, त्यांनी आपल्या शाळा आणि चर्च शाबूत राहतील या तोंडी आश्वासनावर मत देऊन टाकले. या वेळी यादीत आपण नव्हतो, एवढा दिलासा त्यांना पुरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो पक्षही विसर्जित झाला.

पुढचे काम कारकुनांचे होते. एप्रिल १९३३ मध्ये ज्यू सरकारी नोकर काढले गेले. आघाडीवर लढलेल्यांना तेवढी सूट होती, आणि सूट मिळणारे इतके निघाले की नाझीच चकित झाले. १९३५ अखेर तीही गेली. त्याच वर्षी न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी नागरिकांचे दोन वर्ग केले. ज्यू कोण? ज्याचे तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू तो. आणि आजोबा ज्यू होते हे कशावरून? तर ते ज्यू धर्मसमाजाचे सभासद होते यावरून. वंशाचे एवढे शास्त्र सांगितले गेले, पण शेवटी पुरावा धर्माच्या नोंदवहीतच शोधावा लागला. आपल्या इरावती कर्वे यांनी बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांवर संशोधन केले होते, आणि वंशश्रेष्ठत्वाला आधार मिळेल असा निष्कर्ष त्यांच्या मोजमापांतून निघाला नाही. फिशर मात्र १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

हुगो मार्कुस या लेखकाची हकीकत यापेक्षाही बोलकी आहे. ज्यू घरात जन्मलेला हा विद्वान बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फ मशिदीत आला आणि १९२५ साली मुसलमान झाला. ही मशीद लाहोरच्या अहमदिया जमातीने बांधली होती. त्या जमातीविषयीचे आपल्यातले वाद इथे नकोत. मार्कुस मशिदीच्या नियतकालिकाचा संपादक झाला. पण कायदा त्याचा कलमा ऐकणार नव्हता, कायद्याला आजोबा हवे होते. नोव्हेंबर १९३८ मधल्या जाळपोळीनंतर त्याला साक्सेनहाउझनच्या छळछावणीत डांबले. मशिदीचे हिंदुस्थानी इमाम शेख मुहम्मद अब्दुल्ला यांनी खटपट करून १९३९ साली त्याला स्वित्झर्लंडला जाता येईल असे केले. हे अभिमानाने सांगताना दुसरेही सांगायला हवे. १९४१ नंतर जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी त्याच बर्लिनमध्ये हिटलरचे पाहुणे होते आणि बोस्नियातल्या मुसलमानांना नाझी पलटणीत भरती व्हायला सांगत होते. दोघेही आमचेच. एकाला आठवायचे आणि दुसऱ्याला गाळायचे, असा इतिहास मला लिहिता येत नाही.

२५ नोव्हेंबर १९४१ चा एक नियम फारसा कुणी वाचत नाही. त्यानुसार जो ज्यू देशाबाहेर राहतो त्याचे नागरिकत्व आणि मालमत्ता आपोआप रद्द. पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाड्यांत कोंबलेली माणसे सीमा ओलांडली की कुठल्याच देशाची उरत नव्हती. त्यांच्या घरातली कपाटे आणि भांडी सरकारजमा व्हायची, त्याची यादी व्हायची, त्यावर सही व्हायची.

१९४९ च्या जर्मन राज्यघटनेत ११६ वे कलम आहे. नाझी काळात वंश, धर्म किंवा राजकीय मतांपायी ज्यांचे नागरिकत्व काढून घेतले, त्यांना आणि त्यांच्या वंशजांना ते अर्ज करून परत मिळते. इस्रायल, अमेरिका, इंग्लंडमधले नातू-पणतू आजही असे अर्ज करतात. अर्जासोबत आजोबांचे कागद जोडावे लागतात.