तेरा मुलं आणि बारा मुलं: फॉस्टर पालकत्वाच्या संशोधनाचा छोटा इतिहास

‘कंट्रोल ग्रुप म्हणजे काय?’ परीक्षेसाठी ही व्याख्या आपण सगळ्यांनीच पाठ केलेली असते. मीही केली होती. पण त्या गटात माणसं असतात, हे मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एक जुना अभ्यास वाचताना नीट कळलं. आज तुम्हाला तीच गोष्ट सांगते.

आयोवातले ‘पाहुणे’

काळ १९३०च्या दशकाचा, ठिकाण अमेरिकेतलं आयोवा राज्य. डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या दोन तान्ह्या मुलींची वाढ इतकी खुंटली होती, की त्यांना दत्तक देता येणार नाही असं ठरलं. त्यांची रवानगी बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या संस्थेत झाली. काही महिन्यांनी मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड स्कील्स तिथे गेले, तर दोघीही चुणचुणीत झालेल्या! औषध नाही, उपचार नाही. वॉर्डमधल्या बायकांनी आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना आपलं मानलं होतं, खेळवलं होतं, इतकंच.

बुद्ध्यांक जन्मजात आणि स्थिर असतो, असं तेव्हा बहुतेक तज्ज्ञ मानत. स्कील्सनी मात्र तीन वर्षांखालची आणखी मुलं ‘पाहुणे’ म्हणून अशा संस्थांमध्ये पाठवली. एकूण तेरा मुलं झाली. त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे ६४ होता, तो जवळजवळ २८ गुणांनी वाढला. अनाथाश्रमातच राहिलेल्या बारा मुलांचा आधी सुमारे ८७ होता, तो २६ गुणांनी घसरला. हे १९३९ साली प्रसिद्ध झालं.

आता तुम्ही परीक्षक आहात असं समजा. काय खटकतं? नमुना अगदी लहान. गटांची यादृच्छिक विभागणी नाही. तुलनेचा गट तर मागाहून नोंदींमधून निवडलेला! त्या काळीही आयोवाच्या अभ्यासांवर कडाडून टीका झाली. १९४० साली स्टॅनफर्डच्या क्विन मॅकनेमार यांनी त्यांच्या संख्याशास्त्राची चिरफाड केली.

तरी स्कील्सनी या पंचवीस जणांचा मोठेपणी पुन्हा शोध घेतला. १९६६च्या अहवालात दिसलं, की तेरापैकी अकरा जण दत्तक गेले होते आणि तेराही जण स्वतःच्या पायावर उभे होते. त्यांचं मध्यक शिक्षण बारावी. बारा जणांच्या गटाचं? तिसरीपेक्षाही कमी. त्यांच्यातले काही मोठेपणीही संस्थेतच होते.

घर हाच उपचार

‘मायेनं सगळं होतं’ असा निष्कर्ष यातून काढायची घाई करू नका. वर्तनाच्या गंभीर अडचणी असलेलं मूल सांभाळायला माया लागतेच, पण ती पुरत नाही. १९८३ साली ओरेगॉनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी उपचारात्मक फॉस्टर केअरची एक पद्धत सुरू केली. एका घरात सहसा एकच मूल. पालकांना आधी प्रशिक्षण आणि मग मानधन. ‘आज दिवसभरात काय झालं?’ हे विचारणारा रोजचा फोन. शिवाय दर आठवड्याला पालकांची बैठक. थोडक्यात, पालक हा उपचार करणाऱ्या टीमचा भाग झाला. अडचण आली तर रात्रीसुद्धा त्याला फोन करता येईल असं कुणीतरी होतं.

बुखारेस्ट

स्कील्सच्या अभ्यासात नसलेली यादृच्छिक विभागणी पुढे रोमानियात झाली. चाउशेस्कूच्या राजवटीनंतर तिथले अनाथाश्रम भरून वाहत होते आणि बुखारेस्टमध्ये फॉस्टर केअर जवळजवळ नव्हतंच. नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी संस्थांमधली १३६ मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. ६८ मुलं प्रकल्पाने घडवलेल्या फॉस्टर घरांमध्ये गेली, तर ६८ मुलं नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात सरासरी बुद्ध्यांक अनुक्रमे ८१ आणि ७३ होता. आपल्या जन्मदात्या कुटुंबात वाढलेल्या मुलांचा १०९. जी मुलं लवकर घरात गेली, त्यांना जास्त फायदा झाला.

हे वाचताना एक बारकावा नजरेतून सुटू देऊ नका. जनुकीय विकार किंवा गंभीर आजार असलेली मुलं या अभ्यासात घेतलेली नव्हती. म्हणून हे आकडे उचलून विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलाला लावता येणार नाहीत.

आणि त्या दुसऱ्या ६८ मुलांचं काय? संशोधकांनी कुणालाही संस्थेत अडवून ठेवलं नाही. घर मिळालं की मूल जाऊ शकत होतं, आणि पुष्कळशी गेलीही. तरीही घर चांगलं असतं असा अंदाज असताना अशी विभागणी करावी का, यावर अजून वाद होतो. माझं मत सांगायचं तर, तेव्हा तिथे सगळ्यांना पुरतील एवढी घरंच नव्हती, म्हणून मी तो अभ्यास स्वीकारते. पण बिनघोर मनाने नाही.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्यात, कलम ४४ मध्ये, फॉस्टर केअरची तरतूद आहे. तुमच्यापैकी कुणी हा विषय घेणार असेल तर मुलांच्या गुणांबरोबरच पालकांना काय आधार मिळतो, तेही मोजा.

१९६८ साली स्कील्सना या कामासाठी पुरस्कार मिळाला. तो देणारा तरुण त्या तेरांपैकीच एक होता. हा प्रसंग वाचून डोळे भरून येतात. पण प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा त्या सभागृहात नसलेले बारा जणही आठवा.