बहुपट्टा डायपोल अँटेना

बहुपट्टा डायपोल अँटेना हा एकाच केबलद्वारे दोन किंवा अधिक वारंवारता-पट्ट्यांवर काम करणारा तारेचा अँटेना होय. हौशी रेडिओ केंद्रांत, म्हणजेच बोलीभाषेतील हॅम रेडिओ केंद्रांत, तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. कमी खर्च, सहज मिळणारे साहित्य आणि घरच्या घरी करता येणारी बांधणी ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. वीज, दूरध्वनी व मोबाइल सेवा बंद पडल्यावरही बॅटरीवर चालणारा संच आणि असा अँटेना यांच्या साहाय्याने शेकडो किलोमीटर अंतरावर संदेश पोहोचवता येतो. २६ जानेवारी २००१ रोजीचा भूज येथील भूकंप व डिसेंबर २००४ मधील त्सुनामी या आपत्तींच्या वेळी भारतातील हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाचे काम केले.

तत्त्व

डायपोलचा पहिला उपयोग जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्युतचुंबकीय तरंगांवरील प्रयोगांत केला. सर्वसाधारण डायपोल म्हणजे तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची, मध्यभागी तोडलेली तार. तोडलेल्या जागी केबल जोडतात. विद्युतप्रवाह मध्यभागी सर्वाधिक असतो, तर विद्युतदाब दोन्ही टोकांना सर्वाधिक असतो.

तारेच्या टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्ष लांबी सैद्धांतिक लांबीपेक्षा सुमारे ५ टक्के कमी ठेवावी लागते. व्यवहारात पुढील सूत्र वापरतात: एकूण लांबी (मीटर) = १४२.६५ ÷ वारंवारता (मेगाहर्ट्झ). त्यानुसार येणाऱ्या लांब्या अशा:

• ७.१० मेगाहर्ट्झ: एकूण २०.०९ मीटर, प्रत्येक बाजू १०.०५ मीटर
• १४.१५ मेगाहर्ट्झ: एकूण १०.०८ मीटर, प्रत्येक बाजू ५.०४ मीटर
• २१.२० मेगाहर्ट्झ: एकूण ६.७३ मीटर, प्रत्येक बाजू ३.३६ मीटर
• २८.५० मेगाहर्ट्झ: एकूण ५.०१ मीटर, प्रत्येक बाजू २.५० मीटर

ही सूत्रे उघड्या तारेसाठी आहेत. प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार वापरल्यास लांबी आणखी २ ते ५ टक्के कमी भरते.

एका पट्ट्यासाठी कापलेली तार दुसऱ्या पट्ट्यावर आपोआप चालेलच असे नाही. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल १४ मेगाहर्ट्झवर पूर्ण तरंगलांबीचा होतो. तेव्हा त्याच्या मध्याशी संरोध हजारो ओहमपर्यंत वाढतो आणि ५० ओहमच्या केबलशी त्याचा मेळ बसत नाही. मात्र तिपटीच्या आसपास, म्हणजे २१ मेगाहर्ट्झच्या थोड्या वरच्या बाजूला, तोच डायपोल पुन्हा अनुस्पंदित होतो.

प्रकार

पंखा डायपोल: वेगवेगळ्या लांबीच्या तारांच्या जोड्या मध्यभागी एकत्र जोडून टोकांकडे पंख्याप्रमाणे पसरवतात. ज्या जोडीचे अनुस्पंदन असते तिचा संरोध कमी असल्याने प्रवाह मुख्यतः तिच्यातून वाहतो. इतर जोड्यांचा संरोध जास्त असल्यामुळे त्यांच्यात थोडाच प्रवाह जातो.

ट्रॅप डायपोल: तारेत ठरावीक अंतरावर वेटोळे व धारित्र समांतर जोडलेले असतात. आपल्या अनुस्पंदन वारंवारतेवर हा ट्रॅप पुढील तार जणू तोडून टाकतो, तर खालच्या वारंवारतेवर संपूर्ण तार कामात येते. १४.१५ मेगाहर्ट्झच्या ट्रॅपसाठी ५० पिकोफॅरड धारित्रासोबत सुमारे २.५ मायक्रोहेन्रीचे वेटोळे लागते.

दुवा डायपोल: तारेत जोड ठेवून ते हाताने लावतात किंवा सोडतात. पट्टा बदलताना अँटेना खाली घ्यावा लागतो, पण ऊर्जेचा व्यय अत्यल्प असतो.

जी५आरव्ही: ब्रिटिश हौशी रेडिओचालक लुई वार्नी यांनी १९४६ मध्ये योजलेला सुमारे ३१ मीटर लांबीचा अँटेना. अनेक पट्ट्यांवर तो जुळवणी-पेटीच्या साहाय्याने वापरला जातो.

साहित्य व जोडणी

नवशिक्यांसाठी पंखा डायपोल सोयीचा ठरतो. त्यासाठी घरगुती वीजजोडणीची दीड किंवा अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर, चिनीमातीचे अंडाकृती इन्सुलेटर, नायलॉनची दोरी, कप्पी, वीजजोडणीच्या पीव्हीसी नळीचे तुकडे आणि ५० ओहमची कोअ‍ॅक्सियल केबल पुरते.

प्रत्येक तार हिशेबापेक्षा सुमारे ३ टक्के लांब कापतात, कारण लांब तार छाटता येते, आखूड तार मात्र जोडावी लागते. एका बाजूच्या सर्व तारा केबलच्या मधल्या वाहकाला आणि दुसऱ्या बाजूच्या सर्व तारा बाहेरच्या जाळीला जोडून डाख देतात. तारा एकमेकींना चिकटून राहू नयेत म्हणून नळीचे तुकडे भोके पाडून आडवे बसवतात. मध्याशी १० ते १५ सेंटिमीटर आणि टोकांकडे त्याहून अधिक अंतर ठेवल्यास परस्पर परिणाम कमी होतो.

केबलच्या जाळीच्या बाहेरील पृष्ठभागावरून प्रवाह परत येऊ नये म्हणून जोडाच्या ठिकाणी १:१ बलून लावतात. फेराइटच्या कड्यावर केबलचे १० ते १२ वेढे घेऊनही तो तयार करता येतो. जोडात पाणी शिरले तर जाळी काळी पडते व ऊर्जा वाया जाते. त्यामुळे जोड जलरोधक पट्टीने गुंडाळून केबलला खाली एक झोळ देतात, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते.

जुळवणी

जुळवणी अँटेना-विश्लेषकाने किंवा एसडब्ल्यूआर मापकाने करतात. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर सुमारे ४ टक्के, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के शक्ती अँटेनाकडून परावर्तित होते.

१. अँटेना प्रत्यक्ष वापराच्या उंचीवर चढवून मोजणी करतात. जमिनीजवळ घेतलेले माप उंचीवर टिकत नाही.

२. प्रथम सर्वांत लांब तारेची, म्हणजे सर्वांत खालच्या पट्ट्याची जुळवणी करतात. त्यानंतर क्रमाने वरचे पट्टे घेतात.

३. एसडब्ल्यूआर सर्वांत कमी असलेली वारंवारता नोंदवून नवी लांबी काढतात: नवी लांबी = सध्याची लांबी × मोजलेली वारंवारता ÷ हवी असलेली वारंवारता. उदाहरणार्थ, १०.३५ मीटरची बाजू ६.९० मेगाहर्ट्झवर अनुस्पंदित होत असेल आणि ७.१० मेगाहर्ट्झ हवे असेल, तर नवी लांबी १०.०६ मीटर येते. म्हणजे प्रत्येक बाजू २९ सेंटिमीटरने कमी करावी लागते.

४. तार लगेच न कापता टोक मागे दुमडून त्याच तारेवर घट्ट गुंडाळतात. अंतिम माप निश्चित झाल्यावरच ती छाटतात.

५. तारांचा एकमेकींवर परिणाम होत असल्याने शेवटी सर्व पट्टे पुन्हा तपासतात.

कमी एसडब्ल्यूआर म्हणजे चांगला अँटेना असे नव्हे. पाणी शिरलेली केबल परावर्तित शक्तीही शोषून घेते, त्यामुळे संचाजवळचे माप उलट सुधारलेले दिसते. बांधणीनंतर कोणताही फेरफार न करता एसडब्ल्यूआर एकाएकी उतरला, तर केबल तपासणे आवश्यक ठरते.

उदाहरण: मोताळा परिसर

मोताळा हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण बुलढाणा–मलकापूर मार्गावर असून, बुलढाणा व मोताळा यांच्यामध्ये राजूर घाट आहे. अतिउच्च वारंवारतेचे तरंग जवळपास सरळ रेषेत जात असल्याने घाटाचा डोंगर त्यांना अडवतो. ७ मेगाहर्ट्झचा डायपोल ८ ते १० मीटर उंचीवर बांधल्यास मात्र बरीचशी ऊर्जा वर आयनांबराकडे जाते आणि तेथून परावर्तित होऊन आसपासच्या प्रदेशावर उतरते. मोताळ्यापासून नागपूर सुमारे ३०५, किल्लारी २९० आणि मुंबई ३९० किलोमीटर हवाई अंतरावर आहे. दिवसा ही सर्व ठिकाणे या एकाच तारेच्या आवाक्यात येऊ शकतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीच्या किल्लारी भूकंपासारख्या प्रसंगी प्रादेशिक संदेशवहनासाठी हेच अंतर महत्त्वाचे ठरते. रात्री आयनांबर विरळ झाल्यावर जवळच्या संपर्कासाठी ३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा अधिक उपयोगी पडतो. १४ मेगाहर्ट्झ व त्यावरील पट्टे दूरच्या देशांसाठी वापरतात. त्यांची तार ईशान्य–नैऋत्य दिशेत ताणल्यास वायव्येकडील युरोप व आग्नेय दिशेचे देश समोर येतात.

विदर्भातील उन्हाळ्याने मापावर फारसा परिणाम होत नाही. तापमानात ३५ अंशांचा फरक पडला तरी २० मीटर तांब्याची तार केवळ १२ मिलिमीटर वाढते. नायलॉनची दोरी व प्लॅस्टिक मात्र उन्हाने ठिसूळ होतात. काळी जमीन पावसाळ्यात ओली व उन्हाळ्यात भेगाळलेली असल्याने मापात थोडा फरक पडतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करतात.

सुरक्षितता व परवाना

शेतावरून किंवा गल्लीतून जाणाऱ्या वीजवाहिन्यांजवळ अँटेना उभारणे प्राणघातक ठरू शकते. खांब वा तार कोणत्याही बाजूला कोसळली तरी वाहिनीला स्पर्श होणार नाही, एवढे अंतर राखावे लागते. प्रक्षेपण चालू असताना तारेच्या टोकांना हात लागल्यास भाजते, म्हणून टोके माणसाच्या आवाक्याबाहेर ठेवतात. वादळापूर्वी केबल संचापासून काढून घराबाहेर भूसंपर्कित करतात. वळवाच्या व परतीच्या पावसात विजांचे प्रमाण अधिक असल्याने ही काळजी विशेष घ्यावी लागते.

भारतात प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा हौशी रेडिओ परवाना आवश्यक असतो. तो परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतो आणि त्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे. परवानाधारकाला व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारे हाकचिन्ह दिले जाते.