माशीची झोप

गणपतीच्या दिवसांत फळांच्या परडीभोवती जी बारीक चिलटे घोंगावतात, त्यांना आपण हाताने हाकलतो आणि विसरतो. शास्त्रज्ञांनी मात्र शंभराहून अधिक वर्षे त्यांना बाटल्यांत जपून वाढवले आहे. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. (पेरू-आंबा किडवणारी बागायतदारांची फळमाशी ती वेगळी.) न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली लाल डोळ्यांच्या घोळक्यात एक पांढऱ्या डोळ्यांचे चिलट सापडले, आणि आनुवंशिकतेचे पुष्कळसे ज्ञान त्यातून उलगडत गेले.

पण डोळ्यांचा रंग वेगळा आणि वागणूक वेगळी. झोप-जाग हीसुद्धा रंगासारखी जनुकांतून उतरते का? कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत सेमूर बेंझर यांनी हा प्रश्न धरला, तेव्हा तो अनेकांना वेडेपणाचा वाटला. (आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनीही बेंझर यांच्याबरोबर काम केले. उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या चिलटांवरचा त्यांचा संयुक्त निबंध १९७६ चा.)

बेंझर यांचा विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का. चिलटे कोशातून साधारण पहाटे बाहेर पडतात. भलत्याच वेळी बाहेर पडणारी तो शोधत बसला. त्याला तीन वाण मिळाले. एकाचा दिवस सुमारे १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा आणि तिसऱ्याला दिवस-रात्रीचा ताळतंत्रच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकात होते. त्याचे नाव ‘पीरियड’. हा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळांनी ते जनुक वेगळे काढले. २०१७ चे नोबेल या तिघांना मिळाले. कोनोप्का यांना मात्र दोन ठिकाणी प्राध्यापकीत कायम केले गेले नाही. निबंध थोडे, हे कारण. त्यांनी संशोधन सोडले आणि २०१५ साली ते वारले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. आम्ही हा इतिहास वाचू लागलो तो त्यांच्यामुळेच, आणि खरे सांगायचे तर ती हळहळ अजून गेलेली नाही.

तरीही हे घड्याळाचे संशोधन झाले. घड्याळ सांगते केव्हा निजायचे. किती निजायचे, ते नाही. आणि रात्री गप्प बसलेले चिलट झोपलेले आहे की नुसते बसले आहे, हे कोणी पक्के ठरवलेच नव्हते. ते २००० साली ठरले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोन हेंड्रिक्स, अमिता सेहगल आणि सहकाऱ्यांनी, तर सॅन डिएगोत पॉल शॉ, कियारा चिरेली, जूलिओ टोनोनी आणि सहकाऱ्यांनी, दोघांनी जवळपास एकाच वेळी.

रीत साधी होती. बारीक काचेच्या नळीत एकेक चिलट ठेवायचे आणि त्याची हालचाल यंत्राने टिपायची. मग नळीला धक्का द्यायचा. नुकतेच थांबलेले चिलट हलक्या धक्क्याने उडते; बराच वेळ निश्चल असलेल्याला जोराचा धक्का लागतो. गाढ झोपलेल्या पोराला शाळेसाठी उठवताना आपला अनुभव दुसरा काय असतो? पुढची परीक्षा अधिक महत्त्वाची. चिलटांना रात्रभर टिचक्या मारून जागवले, तर दुसऱ्या दिवशी ती भरपाई करून झोपली. गौरीच्या जागरणानंतर दुसऱ्या दुपारी आपल्या घरात जे दिसते, तेच. ‘पीरियड’ बिघडलेल्या चिलटांनीही भरपाई केली. म्हणजे झोपेचा हिशेब घड्याळाहून वेगळा ठेवला जातो. कॅफिनने ती जागी राहिली, सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या जातीतल्या औषधाने अधिक निजली. तरुणांपेक्षा म्हातारी चिलटे कमी झोपतात, हेही दिसले.

एवढे ठरल्यावर जनुकांचा शोध सुरू झाला. चिरेली आणि टोनोनी यांच्या गटाने सुमारे ९,००० वाण तपासले आणि नेहमीच्या एक तृतीयांश झोपेवर भागवणारा एक वाण २००५ साली जाहीर केला. त्याचा दोष ‘शेकर’ नावाच्या जुन्याच जनुकात निघाला. ईथरने बेशुद्ध केल्यावर पाय थरथरतात, म्हणून ते नाव. पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी वाट हे जनुक घडवते, आणि ती वाट बिघडली की मज्जापेशी लवकर शांत होत नाही. त्याच वर्षी जपानमधील काझुहिको कुमे यांच्या गटाने आणखी एक जागरूक वाण वर्णिला, ‘फुमिन’. जपानी भाषेत अर्थ निद्रानाश. तेथे डोपामिन हे रसायन परत ओढून घेण्याची सोय मोडलेली असते. ते मज्जापेशींच्या फटीत रेंगाळते आणि चिलटाला निजू देत नाही.

कमी झोपेवर भागवणे हा आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. ‘शेकर’ बिघडलेली ही चिलटे दिवसभर नेहमीसारखीच हिंडत-फिरत होती. पण ती इतरांपेक्षा लवकर मेली.